दुमडती सायकल आणि आक्काचा नाडा

आमच्या घरात मी अभ्यास करून निवडलेली एकही वस्तू आजवर कामाला आलेली नाही. कूलर आणला, तो खिडकीत बसेना. घरगुती पिठाची गिरणी आणली, ती सुरू झाली की शेजाऱ्यांचे दिवे मंद व्हायचे. बायकोसाठी चपला आणल्या, त्या दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या. (दुकानदार म्हणाला, "सर, तुम्हीच तर अर्धा तास पारखून घेतल्या!") त्यामुळे बॅटरीवर चालणारी दुमडती सायकल घ्यायची आणि ती मी निवडणार, असं मी जाहीर केलं तेव्हा आमची शोभा भाकरी तव्यावर सोडून बाहेर आली.

"तुमी निवडणार?"

"मग कोण निवडणार?"

"कोनीबी. पन तुमी नका."

सायकलीची कल्पना मुळात तिचीच. झालं असं, की नोकरीतून सुटल्यावर मी एक जुनी बंद व्हॅन घेतली आणि आमच्या परभणीच्या सलीमभाई वेल्डरकडून तिच्यात एक लोखंडी खाट, खाटेखाली सामानाचा कप्पा आणि शेगडीपुरता ओटा बसवून घेतला. खिडक्यांना शोभाच्या जुन्या साड्यांचे पडदे. मी तिला कॅम्परव्हॅन म्हणतो, गल्ली तिला फिरती खोली म्हणते. पहिलीच सफर शोभाच्या माहेरी, चारठाण्याला. तिचा धाकटा भाऊ बाळू गावाबाहेर शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर, घर बांधून राहतो. डांबरी रस्ता संपला की पुढे दोन किलोमीटर काळ्या मातीची पांदी, बैलगाडीची वाट. व्हॅन त्या पांदीत शंभर पावलं गेली आणि बसली! शेवटी बाळूने ट्रॅक्टर आणून आम्हाला दोराने ओढत नेलं. मी स्टेअरिंगवर, शोभा मागे खाटेवर लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन, आणि दारात आरती घेऊन उभी असलेली भावजय पदर तोंडाला लावून हसते आहे!

"माहेरी मी ट्रॅक्टरला बांधून गेले," हे वाक्य मी पुढचे सहा महिने जेवताना ऐकलं.

मग एके दिवशी तिनेच सांगितलं, "व्हॅन डांबरीवर थांबवायची. आत एक बॅटरीची सायकल ठेवायची. पांदीतून मी चालवत जानार."

"तू?"

"का? ल्हान असताना घरात एकच सायकल होती. ती बाळूला दिली. मी थोरली, पन मी मागून पळायचे. आता त्याच पांदीनं मी जानार अन् त्यानं आखाड्यात उभं राहून बघायचं."

मला वाईट वाटलं, आणि पस्तीस वर्षांच्या संसारात हे आपल्याला माहीतच नव्हतं याचं जास्त वाईट वाटलं. ही सायकल तिला मिळालीच पाहिजे, असं मी ठरवलं. (आणि ती मीच निवडली पाहिजे, असंही ठरवलं. स्वभाव!)

तीन महिने अभ्यास केला. मोबाइलवर जगभरातल्या लोकांना सायकली दुमडताना पाहिलं. वही घातली. वजन, चाकं, बॅटरी, बिजागरी, सगळ्याचे रकाने पाडले. खाटेखालच्या कप्प्याचं माप सुतळीने घेतलं, कारण आमच्या घरात पडद्यापासून पलंगापर्यंत सगळ्याचं माप सुतळीनेच घेतात. लांबीला एक गाठ, रुंदीला दुसरी, उंचीला तिसरी. दुकानात पोचल्यावर कुठली गाठ कशाची हे मी विसरलो, तो भाग वेगळा. दुकानदाराने टेप पुढे केला तरी मी सुतळी सोडली नाही. सायकलीच्या चारही बाजूंनी सुतळी गुंडाळून झाल्यावर तो म्हणाला, "काका, सायकल घ्यायलाव का बांधायलाव?"

पण या वेळी चमत्कार झाला. सायकल दुमडून घरी आणली, कप्प्यात सरकवली आणि ती बरोबर बसली! ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. शोभाने मला न मागता चहा दिला. तो माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण होता आणि मी तिथेच थांबायला हवं होतं.

मी थांबलो नाही. नव्या गाडीची पूजा नको का? पूर्णेहून आमच्या आक्काला बोलावलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्यापुढे मी अजून चौथीत आहे. पहिल्या रेल्वेने ती आली, सोबत नारळ, हळदकुंकू, झेंडूचा हार आणि पूजेचा लाल नाडा. सायकल अंगणात उघडून उभी केली. आक्काने हँडलला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि नाडा बांधला तो नेमका मधल्या बिजागरीवर. सात वेढे आणि वर गाठ!

गल्ली जमली होती. पेढे वाटून झाले. आता खरा खेळ, म्हणून मी बाह्या सरसावल्या.

"आता बघा! तीन सेकंदांत ही अर्धी होते!"

नाडा जरा बाजूला सारून मी कडीला हात घातला मात्र, आक्का किंचाळली.

"थांब! काय करायलास?"

"दुमडतोय."

"आत्ता हळदकुंकू लावलंय तिला! पूजा झालेल्या लक्ष्मीची कंबर मोडतूस?"

"आक्का, ती दुमडतीच सायकल आहे. दुमडायलाच घेतली आहे!"

"मग पूजेच्या आधी दुमडायची हुती! आता न्हाई."

मी आशेने शोभाकडे पाहिलं. पण ती सायकलीवरच्या कुंकवाकडे बघत होती.

"आक्का म्हनतात ते खरंय," ती हळूच म्हणाली. "तिच्यावर पयल्यांदा माहेरी जायलेय. कंबर मोडून न्हाई न्यायची."

संपलं! न दुमडता ती कप्प्यात जाईना. खाटेवर ठेवली तर मागचं दार लागेना. टपावर आडवी बांधू म्हटलं, तर आक्का म्हणाली, "तिरडी बांधतात तशी?" मागे बाहेरून लटकवू म्हटलं, तर शोभा म्हणाली, "खड्ड्यात पडली तर मी काय बाळूला नाडा दाखवू?" दोन दिवस पूजलेली सायकल व्हरांड्यात उभी आणि मी तिच्याभोवती सुतळी घेऊन फिरतो आहे. तिसऱ्या दिवशी शोभा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. एस्टीनं जाऊ." तिने ते अगदी साध्या आवाजात म्हटलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मी तडक सलीमभाईकडे गेलो. सगळी हकिकत ऐकून त्यांनी चष्मा वर केला.

"म्हणजे सर, दुमडती सायकल उभी नेयाचीय?"

"हो."

"अन् मधी खाट येते?"

"हो."

"तो खाट काटून टाकू! कायको टेन्शन लेते?"

त्यांनी कटर लावला. जी खाट मी स्वतः आखून, दोनदा बदलून, रंग देऊन बसवली होती, ती अर्ध्या तासात भंगार झाली. ओटा राहिला, पडदे राहिले, पाण्याचा ड्रम राहिला. बरोबर मध्ये हार घातलेली सायकल दोरांनी बांधून उभी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शोभा चारठाण्याला निघालो. वाटेत जिंतूरला चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्याने आत डोकावून हारातल्या सायकलीला हात जोडले.

डांबरी संपली. मी सायकल खाली उतरवली. शोभाने पदर खोचला, सीटवर बसली, एक पाय जमिनीवर.

"मी मागून धरू का?"

"नको."

"हळू चालव. ब्रेक दोन्ही..."

ती गेलीसुद्धा! पहिली दहा पावलं सायकल डुगडुगली, आणि मग ती सरळ झाली. दोन्ही बाजूंना तूर, मधून काळी पांदी, आणि शोभा घंटी वाजवत चाललेली. पांदीत एक शेळीसुद्धा नव्हती, तरी घंटी! मला इतका आनंद झाला की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. तुरीतून एक गडी उठून बघायला लागला, तेव्हा थांबलो.

मग दोन पिशव्या आणि लोणच्याची बरणी घेऊन मी चालत निघालो. काळ्या मातीचा एकेक जोडा पायात चढवत आखाड्यावर पोचलो, तोवर शोभाचा दुसरा चहा चालू होता. भावजय तिच्या हातात हात घालून बसली होती. बाळू तर थांबायला तयारच नव्हता.

"दाजी, काय आली हो ताई! मी तिकडं बैलाला पानी पाजायलो, अन् घंटी आयकू आली. बघतो तर ताई! लय भारी वाटलं बगा. डोळ्यात पानीच आलं."

शोभा नुसती हसत होती. तिला असं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. खाट गेली त्याचं काहीच वाटेना.

"सायकल कुठंय?" मी कौतुकाने विचारलं.

"उन्हात कशाला, म्हणून पडवीत ठिवली," बाळू म्हणाला.

पडवीत कोपऱ्यात, कणसांच्या पोत्याशेजारी, सायकल ठेवलेली होती. व्यवस्थित. अर्धी!

"दुमडलीस?"

"हां. हितं मधी कडी हाय की, दाजी! नाडा सोडला अन् वढली, झाली घडी." मग त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "तुमाला ठावं न्हवतं का?"

मी शोभाकडे वळलो. "अगं, आक्काने काय सांगितलं होतं? कंबर... लक्ष्मी..."

"ते पयल्या खेपेपुरतं," शोभा बशीत चहा ओतत म्हणाली. "पयली खेप झाली की आता. अन् माहेरी कसला आलाय अपशकुन?"

वर तिने सांगून टाकलं की ती चार दिवस राहणार आहे, कारण अजून तिला सायकलीवरून गावातली जुनी देवळं बघायची आहेत आणि शाळेतल्या मैत्रिणीकडे जायचं आहे. मी परत जाऊन गाडी राखत व्हॅनपाशी थांबलो तरी चालेल.

"व्हॅनपाशी चार दिवस? झोपू कुठं?"

"का? गाडीत..." म्हणता म्हणता तिला आठवलं. "मंग एखादी दुमडती खाट घ्या की."

मी पुन्हा दोन किलोमीटर चालत आलो. व्हॅनमध्ये पाण्याच्या ड्रमवर बसलो, चिखलाचे पाय पुसले, मोबाइल काढला आणि दुमडत्या खाटांचा अभ्यास सुरू केला. निवड अर्थातच मी करणार आहे.