आठ महिन्यांचा आधार

वेचून आणलेल्या कापसाला एक ऊबदार, कोरडा, किंचित मातकट गंध असतो. मार्गशीर्षातल्या दुपारी बोरी अरबला दादाच्या घरी गेलं की उंबऱ्यातच तो गंध भेटतो. पुढची खोली कापसाने गच्च भरलेली असते, उन्हाच्या तिरिपेत त्याचे तंतू तरंगत असतात, पापण्यांवर बसतात, चहाच्या कपात उतरतात. त्या खोलीत बोललेला शब्द भिंतीवर आदळून परत येत नाही. कापूस तो निमूटपणे गिळून टाकतो. म्हणून त्या दुपारी मी दारातून हाक मारली आणि दादाने मान वर केली नाही, तेव्हा मला प्रथम काहीच वावगं वाटलं नाही. दुसरी हाक मारली, तिसरी मारली. मग जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तसा तो दचकला आणि ओशाळून हसला.

“फोन गेला नं पाण्यात,” तो म्हणाला. “तुरीवर फवारणी करून राह्यलो होतो. ड्रमावर वाकलो अन् खिशातून सटकला.”

दादा माझा थोरला भाऊ. त्याची श्रवणशक्ती गेल्या दहा वर्षांत उन्हाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यासारखी पायरी-पायरीने खाली गेली होती. वहिनी गेल्यावर घरात तो आणि त्याची एकुलती लेक प्राची, अशी दोनच माणसं उरली. प्राची यवतमाळच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून लागली आणि तिने सर्वांत आधी काय केलं असेल, तर बापाच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसवून घेतली. ही यंत्रं फोनवरून चालतात. घरात एक आवाज, शेतात वाऱ्यात दुसरा, चार माणसं एकदम बोलू लागली की तिसरा. पडद्यावर बोट ठेवायचं, आणि कोलाहल मागे सरून समोरच्या माणसाचा शब्द पुढे यायचा! फोन बुडाल्यावर यंत्रं मुकी झाली नव्हती, पण एकाच ठरीव आवाजावर अडकून पडली होती. “नुसता कलकलाट होते,” म्हणून दादाने ती काढून खिशात ठेवली होती.

म्हटलं तर किती सोपी गोष्ट! दुसरा फोन घ्यायचा, यंत्रं त्याला जोडायची. मी यवतमाळला महाविद्यालयात मराठी शिकवते; बाजार माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. “मी पाहते,” असं दादाला सांगून मी आले आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले.

दुकानात काचेच्या कपाटात दादाचाच फोन होता. म्हणजे तेच रूप, तीच बेताची लांबी-रुंदी, कडेची तीच उंचवट्याची बटणं, जी दादाच्या भेगाळलेल्या अंगठ्याला न पाहताही सापडत. मला केवढा हर्ष झाला! पण दुकानाच्या मालकीणबाई प्रामाणिक निघाल्या. फोन माझ्या हाती देता देता म्हणाल्या, “मॅडम, खोटं नाही सांगत. हा शेवटचा पीस आहे. कंपनी याले अजून आठ महिने पाहीन, मंग सोडून देईन. फोन चालन, बंद नाही पडणार. पण नवीन अपडेट येणं बंद. बँकेचं, कानाच्या मशीनचं जे काही आहे, ते मंग किती दिवस चालन, याचा भरोसा मी कशी देऊ?”

मी फोन काउंटरवर ठेवला. “दोन दिवसांनी सांगते,” म्हणाले.

वाचका, त्या दोन दिवसांचे तेरा दिवस कसे झाले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. एक विचित्र अस्वस्थता अंगात भरली. वर्गात कविता शिकवताना मधेच मनात येई, निर्मात्याने ज्याच्यावरून लक्ष काढून घ्यायचं ठरवलंच आहे, अशी वस्तू जाणूनबुजून घरात का आणावी? घरी येऊन इतर फोन पाहावेत, तर ज्याला चार-पाच वर्षांची हमी तो तळहातात मावत नाही. जो मावतो त्याच्यात कानाचं ॲप नीट चालेल की नाही, कुणी छातीठोक सांगत नाही. एक सहकारी म्हणाले, महिनाभर थांबा, नवे फोन येताहेत. मी थांबले. मग वाटलं, तोवर तो शेवटचा फोन कुणी नेला तर? म्हणून संध्याकाळी दुकानावरून फेरी मारली, काचेतून तो दिसल्यावर निश्चिंत झाले आणि न घेताच परत आले! माझा स्वतःचा फोन तर इतका जुना की त्यात कानाचं ॲप उतरेचना. प्राचीच्या फोनला यंत्रं जोडता आली असती. पण तिचा फोन दिवसभर तिच्याबरोबर यवतमाळात, आणि चार दिवसांसाठी कुठे जोडाजोड करायची, नवा येतोच आहे, असं मीच तिला म्हणत राहिले.

मधे एकदा बोरीला जाऊन दादाला कानाशी तोंड नेऊन सगळं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, “आठ महिने? मंग घे नं. आठ महिन्यात कापूस निघते, तूर निघते, गहू निघते. कायले थांबून राह्यली तू?”

“अरे, पण त्याच्यानंतर?”

“त्याच्यानंतर त्याच्यानंतर पाहू.”

किती सरळ होतं त्याचं उत्तर! ज्याचं पेरणं पावसाच्या हवाली आणि वेचणं मजुरांच्या हवाली, त्याला आठ महिने ही भली मोठी खात्री वाटत होती. आणि मी, महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार घेणारी, पाच वर्षांपेक्षा कमी खात्रीवर समाधान मानायला तयार नव्हते. टिकाऊपणाचा माझा हा हव्यास वस्तूंपुरता असता तरी चाललं असतं. पण शहाणपणाचं नाव देऊन मी निर्णयच पुढे ढकलत होते, आणि त्याचं मोल दुसरंच कुणी मोजणार होतं.

त्याच सुमारास प्राचीला महागावचं स्थळ आलं होतं. मुलाच्या घरी शेती आणि खता-बियाण्याचं दुकान. माणसं सुखवस्तू, बोलायला गोड. मुलगा एकदा येऊन तिला पाहून गेला होता, आता वडीलधारी बैठकीला बोरीत येणार होती. रविवार ठरला. मी सकाळीच जाऊन पोहोचले. कापूस आदल्या दिवशी विकला गेला होता, खोली झाडून सतरंज्या टाकल्या होत्या. दादाने धुतलेलं धोतर नेसून कानांत यंत्रं घातली आणि मला विचारलं, “फोन आणला का?”

“पुढच्या आठवड्यात नक्की,” मी म्हणाले. त्याने वाकून सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

बैठकीत दहा-बारा पुरुष माणसं. वर पंखा, दाराबाहेर उभ्या जीपचं इंजिन, एकाच वेळी चौघांचं बोलणं. प्राची आणि मी आत स्वयंपाकघरात पोहे परतत होतो. बाहेरून मधूनमधून दादाचा आवाज येई, “हो हो, चालते नं!” त्याचा तो सौजन्याचा, घाईघाईचा होकार मला चांगला ओळखीचा होता. ऐकू न येणारी माणसं फार होकार देतात. पुन्हा पुन्हा “काय म्हटलं?” विचारायची लाज वाटते, समोरच्याच्या कपाळावरची आठी दिसते, मग हसून मान हलवणं हेच सोपं होऊन बसतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसले नाही. बैठकीत बाया बसत नाहीत, एवढंच माझं कारण!

पेढे वाटून झाले. दाराआडच्या पडवीत बसलेली मुलाची आई आत आली, प्राचीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “आता दोन महिनेच कर बाई ड्युटी. मंग आरामच आहे तुले. तुह्या बाबांनी मोठ्या मनानं हो म्हटलं नोकरी सोडाले.”

प्राचीच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिने अगदी सावकाश ओट्यावर ठेवला.

जीप गेल्यावर ती बापासमोर जाऊन उभी राहिली. “बाबा, तुम्ही काहून हो म्हटलं?”

“कायले हो म्हटलं?” दादाने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर पाहुणे सुखरूप वाटेला लावल्याचं समाधान होतं. प्राचीने पुन्हा सांगितलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आधी तो गोंधळला. मग त्याला उमगलं. मग त्याने हळूच कानातली यंत्रं काढली आणि तळहातावर धरून त्यांच्याकडे पाहत राहिला. मला तो एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी दुकानाचं शटर वर होण्याआधी मी दाराशी उभी होते. फोन घेतला. आठ महिन्यांचा, शेवटचा, तोच. त्यातले पाच महिने आज सरले आहेत. पुढे काय होईल ते मला अजूनही माहीत नाही, आणि अजूनही कधीकधी त्या विचाराने माझी चुळबुळ होते. पण त्या दिवशी प्राचीने यंत्रं जोडून दिली, दादाने डोळे मिटून अंगठ्याने बटणं चाचपली आणि म्हणाला, “रविवारी महागावले जाऊ. मी दिला होकार, मीच परत घेतो.”

आम्ही तिघं गेलो. भाड्याची गाडी, वाटेत दुतर्फा वेचणीला आलेली शेतं. महागावच्या त्या प्रशस्त ओसरीत पाणी झालं, चहा झाला. मग दादाने खिशातून फोन काढला, पडद्यावर बोट ठेवून आवाज लावून घेतला आणि सर्वांना दिसेल असा मांडीवर ठेवला.

“त्या दिवशी मी हो म्हटलं, पण मी ऐकलंच नव्हतं,” तो म्हणाला. “चूक माही आहे. पोरीले नोकरी सोडाची नाही. तुम्हाले चालत असन तर सांगा, नसन चालत तर तसं सांगा. आज मले ऐकू येते.”

मुलाचे वडील हसले. “चार लोकांत दिलेला शब्द आहे, भाऊ. आमच्या घरी सुना बाहेर कामाले जात नाही.” मुलगा खांबाशी बसला होता, प्राचीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने दाराबाहेर पाहिलं. बोलणं फिरून फिरून तिथेच येत होतं. अखेर मुलाच्या वडिलांनी मान वळवून शेजारी बसलेल्या भावाला दबल्या आवाजात म्हटलं, “बयऱ्यासंगं काय डोकं लावाव!”

ओसरीत ते फक्त दोघांतच राहायला हवं होतं. मलाही ते ओठांच्या हालचालीवरूनच कळलं.

“हे बी ऐकू आलं,” दादा म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता, उपहासही नव्हता. शेतातल्या मजुराला वेळ सांगावी तसा तो बोलला. मग उठला, सर्वांना हात जोडले आणि चपला पायांत सरकवल्या. आमच्या मागे कुणी आलं नाही.

परतीच्या वाटेवर मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, बाप-लेक मागे. माझ्या मनात काहूर माजलं होतं. मी वेळेत फोन घेतला असता, तर ही बोलणी बैठकीतच मोडली असती आणि एवढा अपमान टळला असता. की दादाने नीट ऐकूनही, चार लोकांच्या भिडेने, तोच होकार दिला असता? माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या वडिलांना उत्तम ऐकू येत होतं. तरी मला कुणी काही विचारलं नव्हतं. संसार वाईट झाला नाही माझा. पण तो न विचारलेला प्रश्न इतकी वर्षं कुठेतरी तसाच राहिला आहे, हे त्या गाडीत बसल्यावर मला कळलं.

दिग्रस मागे पडल्यावर दादा बोलला.

“प्राची, तुले तो पोरगा पसंत होता का?”

तो थांबला. मग म्हणाला, “मी विचारलंच नाही तुले. आता विचारून राह्यलो. तुले काय पाह्यजे, ते सांग.”

मी मान न वळवता समोरच्या आरशात पाहिलं. दादाने फोन काढून गाडीचा आवाज मागे सारला आणि तो लेकीकडे वळून बसला. त्यांच्या घरात गेली कित्येक वर्षं ओरडून सांगता येतील एवढ्याच गोष्टी बोलल्या जात होत्या: जेवायला या, पाणी आलं, मजूर आले, दार लावा. यंत्रं आल्यावरही ती सवय मोडली नव्हती. ज्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत, त्या त्या पोरीने कुठे ठेवल्या असतील?

प्राची बोलू लागली. आधी एकेक शब्द अडखळत, मग सलग. ती ओरडत नव्हती, शब्द सुटे करत नव्हती. कुणीही आपल्या बापाशी बोलेल तशी, हलक्या आवाजात बोलत होती. दारव्हा आलं, गेलं. ती बोलतच होती आणि दादा मधूनमधून एखादाच प्रश्न विचारत होता. ती काय सांगत होती ते इंजिनाच्या घरघरीत मला पुढे काहीच ऐकू येत नव्हतं. दादाला येत होतं.