ओलं गोणपाट

बांधकामावरून ओल्या गोणपाटाचा वास आला, की आजही माझं डोकं फिरतं. सत्तरच्या दशकात इंझोरीजवळच्या पुलावर मी नवाकोरा इंजिनिअर होतो. नवा स्लॅब पक्का व्हायला रोज पाणी मारावं लागतं; ठेकेदारानं आठवडाभर ते मारलंच नव्हतं. तपासणीच्या सकाळी तेवढी वर अंथरलेली गोणपाटं भिजवली.

किसन गवंड्यानं गोणपाट उचलून खिळ्यानं ओरखडा काढला. भुकटी निघाली.

"सायेब, याले पास नोका करू. कच्चा हाये."

"इंजिनिअर कोण, तू का मी?" मी खेकसलो आणि सही ठोकली.

"तुमीच. पन पुलावरून आमाले जा लागते."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो स्वतःच्या प्यायच्या पाण्याचा माठ स्लॅबवर ओतत होता. मला हिणवतोय साला, असं वाटून मी सायकल थांबवलीच नाही. आज कळतं, माझ्याकडे बघायलाही त्याला फुरसत नव्हती.