पडद्यावर दिसलेला हात

आमची बोट जुनी होती म्हणूनच ती त्या नटाच्या डोळ्यांत भरली. नव्या बोटींत इंजिनाचा वेग सुकाणूशीच उभं राहून कमीजास्त करता येतो, एकटा माणूस दोन्ही सांभाळतो. आमच्या वडिलांनी बांधून घेतलेल्या बोटीत तसं नव्हतं. तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, पुढे सुकाणूवर उभा, आणि त्याच्या पाठीमागे इंजिनाच्या खणात दुसरा माणूस बसलेला. खणातल्याला समुद्र दिसत नाही. त्याला दिसते तांडेलाची पाठ, वर आभाळाचा तुकडा आणि तांडेलाचा हात. हात पुढे केला की वेग वाढवायचा, तळवा खाली दाबला की कमी करायचा, मूठ वर गेली की थांबायचं. इंजिनाच्या आवाजात तोंडाचा काही उपयोग नसतो. वीस वर्षं मी सुकाणूवर होतो आणि खणात माझा धाकटा भाऊ. मी मूठ वर केली आणि इंजिन थांबलं नाही असं त्या वीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

तो नट त्या सिनेमाचा हिरो होता आणि दिग्दर्शकही तोच. मारामारीचा सिनेमा. मिरजोळ्याला एका बंद पडलेल्या शेडमध्ये चार दिवस हाणामारी चालली होती, ती बघायला अर्धं रत्नागिरी लोटलं होतं. मीही गेलो. मला गंमत वाटली ती एकाच गोष्टीची. हा माणूस मार खाऊन आडवा व्हायचा आणि पडल्यापडल्या स्वतःच 'कट' म्हणायचा. मग अंगावरची धूळसुद्धा न झटकता टीव्हीकडे धावायचा, आपण कसे पडलो ते बघायला. बाकीचे चौघे कुठे आपटले, कोणाला लागलं, हे दुसऱ्या कोणीतरी बघायचं.

मग ते लोक समुद्राकडे वळले. गुंडांची स्पीडबोट भाट्याच्या खाडीतून बाहेर पळते आणि हिरो मच्छीमारांच्या बोटीतून तिचा पाठलाग करतो, असा प्रसंग होता. बोट आमची, चालवणारे आम्ही दोघे. ठरवायला तो घरी जेवायला आला. बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं, माझ्या बायकोला वाकून नमस्कार केला, माझ्या भावाच्या पाठीवर थाप मारून त्याला 'खरा हिरो' म्हणाला. भाऊ लाजला. पन्नाशीला आलेला माणूस, पण लाजला.

मी त्याला स्पष्ट सांगितलं. मे संपत आला आहे, वारा पश्चिमेचा झालाय. खाडीच्या तोंडावर वाळू साठलेली असते. भरतीचं पाणी असेपर्यंत निभावतं, ओहोटी लागली की तिथे लाट फुटते आणि लाटेच्या पोटात पाणी उरत नाही. अशा वेळी थांबायचं, मोठी लाट जाऊ द्यायची आणि मग बोट काढायची. हे कधी करायचं ते तांडेल ठरवतो. बोटीचा मालक शेजारी उभा असला तरी त्याला तिथे आवाज नसतो.

त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "काका, पाण्यावर मी दिग्दर्शक नाही. तुमची मूठ वर गेली की कट."

दुसऱ्या दिवशी बोटीपुढे नारळ ठेवून वाडीतल्या जाणत्या माणसाने देवाला गाऱ्हाणं घातलं, तेव्हाही त्या नारळाला हात लावून तो हेच म्हणाला. मी विश्वास ठेवला. नारळावर हात ठेवून बोललेलं मोडायचं नसतं हे त्याला ठाऊक असेल असं मी धरून चाललो, हा माझा मूर्खपणा.

शूटिंग सकाळी सुरू झालं. तो बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, उभा, शर्टाच्या आत पातळसं लाइफ जॅकेट, आमच्या अंगावर नेहमीचे कपडे. एक फेरी झाली की बोट किनाऱ्याला लावायची, हा उतरून टीव्ही बघणार, केस नीट नाहीत म्हणून पुन्हा. तीन फेऱ्यांत आटपा असं मी सांगितलं होतं. पाचव्या फेरीपर्यंत ओहोटी चांगली लागली होती. तोंडावर पांढरं दिसायला लागलं. पुढची लाट उभी राहताना मी बघितली आणि मूठ वर केली.

इंजिन थांबलं नाही. उलट आवाज वाढला. बोट लाटेवर चढली, नाळ आभाळात गेली आणि खाली आली ती पाण्यावर नाही, वाळूवर आली. तळाचं लाकूड तडकलं तो आवाज मला पायांतून आला. माझी छाती सुकाणूच्या चाकावर आपटली. पुढच्या लाटेनेच आम्हाला उचलून पलीकडे टाकलं म्हणून वाचलो. नट भिजलेला, हसत होता. मला मिठी मारून म्हणाला की शॉट मिळाला, आणि किनाऱ्याला लागताच टीव्हीकडे धावला.

पैशाचं म्हणाल तर त्यांनी बोट चोख दुरुस्त करून दिली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दुपारी किनाऱ्यावर मी भावाला विचारलं होतं की मूठ दिसली नाही का. तो म्हणाला, पाण्याचा फवारा होता, दिसली तेव्हा उशीर झाला होता. मग मला वाटलं, माझाच हात उशिरा वर गेला. साठीकडे झुकलेला माणूस, नजर मंदावली असेल. मी रात्रंदिवस तो क्षण डोळ्यांपुढे आणायचो आणि प्रत्येक वेळी माझा हात जरा जास्तच उशिरा वर जायचा. वाडीत विचारलं तर मीच सांगायचो, माझी चूक. लोकांनी मान हलवली. तांडेल म्हातारा झाला, असं जेटीवर बोललं जातंय हे बायकोच्या कानावर आलं आणि तिने ते मला सांगितलं नाही, एवढं तिचं माझ्यावर प्रेम.

दिवाळीनंतर बोट पाण्यात उतरली तेव्हा मी सुकाणू भावाच्या हाती दिलं. आपण होऊन दिलं. त्याने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतलं. खणात बसायला बाहेरचा माणूस ठेवला. मी किनाऱ्यावर जाळी विणत बसू लागलो, आणि सकाळी बोटी बाहेर पडायच्या वेळेला मुद्दाम समुद्राकडे पाठ करून बसायचो.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर सिनेमा आला. भावाने सगळ्या वाडीची दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. तो माझ्या शेजारी बसला. खाडीचा प्रसंग आला तेव्हा मागून शिट्ट्या सुरू झाल्या, आमची बोट आमची बोट म्हणून पोरं ओरडली. आणि मग पडद्यावर इंजिनाचा खण दिसला. तिथे त्यांनी एक बारका कॅमेरा अडकवला होता, तो मला आठवतही नव्हता. भावाच्या कानामागून घेतलेलं दृश्य. अलीकडे त्याचा गाल, पलीकडे माझी पाठ, आणि वर आभाळात माझी मूठ. हे सगळं त्या नटाने संथ करून दाखवलं होतं, वर मोठं संगीत. फवारा कुठेच नव्हता. आभाळ स्वच्छ होतं. भावाने मान वर केली, माझ्या मुठीकडे पाहिलं, चांगलं पाहिलं, मान खाली घातली आणि वेगाचा दांडा पुढे ढकलला. त्यानंतर मग पाणी आलं.

लोकांना वाटलं, तांडेल मूठ उगारून लढायला सांगतोय. टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या खांद्यावर मागून शाबासकी दिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, मला माझा स्वतःचा हात बघायला थिएटरात जावं लागलं. तो वेळेवर वर गेला होता.

मी शेजारी बघितलं. भाऊ पडद्याकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. हे दृश्य सिनेमात असेल हे त्यालाही माहीत नव्हतं.

सिनेमा संपेपर्यंत आम्ही बसून राहिलो, वाडीसमोर उठून कसे जाणार. आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर आल्यावर बाकीच्यांना रिक्षांत बसवलं आणि आम्ही दोघे चालत भाट्याच्या पुलापर्यंत आलो. तिथे तो थांबला.

"त्यानं सांगितलान मला आदल्या दिवशी," तो म्हणाला. "दादाची मूठ वर गेली तरी थांबू नको, वेग वाढव, म्हटलान."

मी विचारलं, आणि तू ऐकलंस?

"वीस वर्षं मी समुद्र नाय बगितला, दादा. तुझा हातच बगितला. येकदा वाटला, नाय थांबायचा."

हे मला समजलं. खोटं कशाला बोलू, तिथल्या तिथे समजलं. वीस वर्षं खणात बसवलेल्या माणसाला मी कधी विचारलं नव्हतं की तुला वर यायचंय का. त्या एका क्षणाचं मी कदाचित पोटात घातलंही असतं. पण नंतरच्या सव्वा वर्षाचं काय? मी आरशासमोर उभा राहून हात वर करून बघायचो, किती वेळ लागतो ते मोजायचो, हे त्याने दारातून पाहिलं होतं. मी सुकाणू देत होतो तेव्हा माझे डोळे भरले होते, तेही पाहिलं होतं. त्या नटाचं मला फार वाटत नाही, त्याचा धंदाच सोंगाचा. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं. मी त्याला एवढंच म्हणालो की तू मला म्हातारा केलास.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो दारात आला. म्हणाला, सुकाणू तू घे, मी वाडीत सगळ्यांना सांगतो. त्याने खरंच सांगितलं, जेटीवर उभं राहून, सगळ्यांच्या देखत. पण मी सुकाणू घेतलं नाही. लोकांना वाटलं मी मोठ्या मनाचा. तसलं काही नाही. सुकाणूवर उभ्या असणाऱ्याची पाठ खणाकडे असते, आणि भावाकडे पाठ करून उभं राहणं आता माझ्याच्याने होत नाही.

म्हणून खणात मी बसतो. भाऊ सुकाणूवर असतो. भाट्याच्या तोंडावर लाट उभी राहिली की तो मूठ वर करतो आणि मी इंजिन थांबवतो, एकदाही चुकलेलो नाही. पण मूठ वर केली की दर वेळी तो मान वळवून खणात बघतो, मी पाहिली की नाही ते. त्या वीस वर्षांत मी कधी मागे वळून बघितलं नव्हतं.