चटणीचा मुहूर्त
भाजलेल्या मिरच्यांचा वास आला की निपाणीतली ती कांडपाची गिरणी आठवते. एका साली तिचा दणदणाट माझ्या कानांत नव्हे, दातांत वाजायला लागला आणि मी वर्षभराच्या चटणीच्या मिरच्या तिथंच टाकून रस्त्यावर पळाले. सासूबाई मागोमाग आल्या. “गेल्या साली तर निवांत बसली हुतीस की गं?” गेल्या साली पाळी नुकतीच होऊन गेली होती, यंदा ती तोंडावर आली होती, आणि त्या दिवसांत माझ्या ऑटिझमला कसलाच आवाज सोसत नाही, हे मी त्यांना सगळं समजावलं. “कसली थेरं ही,” त्या म्हणाल्या. आता मी पाळी उरकल्यावरच चटणीचा दिवस धरते, आणि त्या शेजारणींना कौतुकानं सांगतात, सून लई सोवळ्याची.