उलटी बाज

आमच्या गल्लीतल्या आश्रुबा पेंटरला दोनच कामं यायची. साखर कारखान्याच्या ट्रकांवर नंबर रंगवणं आणि कुणाचंही न ऐकणं. गोदावरीपलीकडे मोठं पाणी त्यानं पाहिलं नव्हतं, पण घरात रंगवायचा ती जहाजंच. त्याचा धाकटा भाऊ सिताराम मुंबईहून जहाजावर खलाशी म्हणून गेला होता आणि तीन वर्षांपासून त्याचं पत्र बंद होतं.

त्यांची आई पार्वतीबाई रोज संध्याकाळी अंगणात सितारामची बाज टाकायची, वर धुतलेली चादर. मी एकदा टेकले, तर म्हणाली, "सरजे, ऊठ. लेकरू दमून येईल."

"येईल तवा सरकून बसते की मावशी," मी म्हटलं. ती हसली नाही. तेव्हापासून त्या बाजेची थट्टा मी सोडली. बाकी गल्लीची चालू ठेवली.

शहाऐंशीला धूमकेतू येणार म्हणून गंगाखेडात एका वाचनालयानं 'समुद्र आणि आकाश' असं प्रदर्शन भरवलं. आश्रुबालाही जागा मिळाली. "नवार आवळून आणतो" असं आईला सांगून त्यानं बाज नेली आणि मला हळूच म्हणाला, "सरजाक्का, आईला घेऊन या. सिताराम रात्री काय बघत असंल ते दावायचंय तिला."

आम्ही गेलो. भिंतींवर निळी जहाजं. मधोमध जमिनीवर बाज उलटी ठेवलेली. चार खूर म्हणजे डोलकाठ्या, प्रत्येकीवर बल्ब. पुढं तारेवर आणखी तीन. सप्तर्षी, म्हणजे आमच्याकडची म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर, लहानपणी सगळ्यांनी आकाशात पाहिलेले. जुने खलाशी याच चांदण्यांवरून वाट धरायचे, असं बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं. "पेंटर, तुमच्या चोरांना आमच्या ह्यांची बाज दावा," असं मी म्हणणार होते.

तेवढ्यात पार्वतीबाई मटकन खाली बसली.

आमच्याकडे मयत उचलली की मागं बाज उलटी करतात. दारात तशी दिसली की माणूस काही विचारत नाही, नुसता बसतो. आश्रुबाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. जहाजाच्या नादात विसरला.

"कवा कळालं तुला?" तिनं विचारलं.

"आई, काईच कळालं न्हाई. जहाज हाय ते. सितारामचं जहाज."

"मग उलटी कशापायी केलीस?"

आश्रुबानं वाकून बाज सरळ केली. दोन बल्ब फुटले. "बघ, सरळ हाय."

"आता सरळ करून काय," ती म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला.

त्या संध्याकाळी आश्रुबानं बाज घरी आणून अंगणात टाकली, चादर घातली. पार्वतीबाईनं चादर काढून घडी केली, बाज उलटी केली आणि भुईवर निजली. धूमकेतू कुणी पाहिला, कुणी नाही. आश्रुबानं मान वर केली नाही.

आधी पोस्टमनची घंटी वाजली की पार्वतीबाई दारात यायची. आता ती जागची हलत नाही. गल्लीत उभ्या ट्रकावरचा अर्धा नंबर तसाच टाकून आश्रुबा दारात येतो.