मधलं एक मिनिट

नगरसेविकेच्या कचेरीत रुजू झाल्यापासून नव्या कारकून मुलीला एकच कोडं पडलं होतं. माणूस समोर बसला की तीन मिनिटं त्यानं बोलायचं, ताईंनी ऐकायचं. मग मिनिटभर दोघंही गप्प. ताई नुसत्या त्याच्या खांद्यांकडे बघत राहायच्या. बाहेर बाकांवर माणसं ताटकळलेली असताना ही चैन कशाला?

"मौनव्रत आहे का हो?" तिनं शिपाईकाकांना विचारलं.

"व्रत कसलं! सहा वर्षं बॉक्सिंगचं अजिंक्यपद होतं बाईंकडे. तीन मिनिटांची फेरी, मिनिटभर विश्रांती. रिंग सुटली, खोड गेली नाही."

एवढ्यानं मुलीचं समाधान होईना. ती चोरून बघायची. किंचित वाकडं नाक, अंगठी शिरणार नाही अशी जाड पेरं. ह्याच बाईनं म्हणे गल्लीतल्या बायकांना घेऊन पाण्याच्या टाकीसाठी चाळीस दिवस ठिय्या दिला होता, आणि कुणावर एकदाही हात उगारला नव्हता.

एका मंगळवारी ताईंना बैठकीला जावं लागलं, म्हणून मुलगीच तक्रारी लिहायला बसली. काजं-बटणं करणाऱ्या मावशी आल्या. नळ गळतो म्हणाल्या. मुलीनं लिहून घेतलं. "झालं मावशी, माणूस पाठवते. पुढचे या!" मावशी उठल्या, दारात घुटमळल्या, आणि गेल्या.

परतल्यावर ताईंनी कागद वाचला. "आणि काय म्हणाल्या?"

"एवढंच."

"मिनिट दिलंस?"

"रांग केवढी होती, ताई!"

"अगं, गुडघे धरून चार मजले उतरणारी बाई नळासाठी येत नाही. नळाला ती चिंधी बांधते." ताई खुर्चीत टेकल्या. "फेरी चालू असताना प्रत्येक जण खोटं बोलतो. बरगडी मोडली तरी हसतो. स्टुलावर बसला की श्वास खरं सांगतो. माझे उस्ताद त्या मिनिटात चकार शब्द काढत नसत. एकदा ते आजारी पडले. बदली आलेला मिनिटभर बडबडत राहिला. मला डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालंय, हे सांगायचं राहूनच गेलं."

"मग?"

"मग काय? तुझं टेबल माझ्या उजवीकडे का लावलंय, वाटलं?"

मुलीचा चेहरा उतरला. दुपारी दोघी मावशींकडे निघाल्या. तिसऱ्या मजल्यापाशी जिना पायाखाली दबल्यासारखा वाटला.

"नळाचं सांगा, मावशी," म्हणून मुलगी त्यांच्या खोलीतल्या स्टुलावर बसली आणि मग जीभ आवरून राहिली. किती लांब असतं मिनिट! मावशींनी सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला.

"नळाचं काय घेऊन बसलीस," त्या एकदम म्हणाल्या. "जिन्याची तुळई चिरलीय. मालक म्हणतो, बोभाटा केलास तर खोली खाली कर. या वयात मी कुठे जाऊ गं?"

ताईंनी जाऊन तुळई ठोकून पाहिली. बद्द आवाज आला.

"तक्रारदार कोण लिहू?" मुलीनं हळूच विचारलं.

"मी."

"पण तुम्ही इथं राहत नाही!"

"चढून आले ना? चढणाऱ्यालाही जीव असतो."

त्याच संध्याकाळी सगळ्यांना मागचा जिना वापरायला सांगितलं. सकाळी अभियंत्यानं टेकू लावले आणि दुरुस्तीची नोटीस डकवली. दुपारी घरमालक तणतणत कचेरीत आला.

"कोण बोंबललं? तिसरा मजला की चौथा? एकेकाचं सामान रस्त्यावर फेकतो!"

मुलीनं अर्ज पुढे सरकवला. ताईंचं नाव वाचून त्याचा आवाज खाली आला. पण डोळे कागदावरच फिरत होते. खाली साक्षीदार म्हणून आणखी एक सही होती.

"आणि ही कोण भाडेकरू?"

"भाडेकरू नाही," मुलगी म्हणाली. "मी. काय करायचंय ते इथं करा."