दहापैकी किती

वडिलांच्या माघारी थोरल्या भावानं गुळाची अडत एकट्याच्या नावावर करून घेतली आणि मला बाहेर काढलं. मी मंगळवार पेठेत हातगाडीवर मसाला विकत स्वतःचं दुकान उभं केलं. तो राग अजून गेलेला नाही. पण त्याच भावाच्या, आण्णाच्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला, तेव्हा त्याला दवाखान्यात नेणारा मीच होतो.

उजव्या बरगडीखाली असं दुखायचं की त्याला आडवं होता येत नव्हतं. खुर्चीत बसूनच डोळा लागला तर लागायचा.

"दहापैकी किती दुखतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आठ."

"बारा लिवा," मी मध्येच म्हणालो. "तुम्ही खाली ओढणारच की."

"पावणं, कमी करायलाच बसलेय मी," बाई हसल्या.

गाठी जाणार नाहीत, दुखणं उतरावं म्हणून यकृताला एकदाच शेक देऊ, असं त्या म्हणाल्या. आमच्याकडं रेडिएशनला शेकच म्हणतात.

माझा आवाज चढला. "एकदाच? शेजारच्याला महिनाभर दिला. आमालाच हात आखडता?"

"त्यांना बरं करायचं होतं. यांना आराम द्यायचाय."

मी कागदावर सही केली.

उलटी होऊ नये म्हणून गोळी देऊन आण्णाला आत नेलं. थोड्याच वेळात तो कपाळाला आठ्या घालून बाहेर आला. "काय लागलंच न्हाय. शेक म्हणं! साधी ऊब न्हाय." मलाही वाटलं, फसवलं.

दोन आठवड्यांनी बाईंनी पुन्हा तेच विचारलं. "तीन," आण्णा म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही. बाहेर येताच म्हणालो, "खरा भाव सांग. बाईंसमोर गोड बोलू नगंस."

"घरी चल, दावतो," एवढंच तो म्हणाला.

घरी आल्यावर तो खुर्चीकडं गेलाच नाही. पलंगावर टेकला, आडवा झाला आणि हळूच उजव्या कुशीवर वळला. मी बघत राहिलो. त्याला झोप लागली.

जन्मभर मी हुंगून, चाखून, मुठीत दाबून माल घेतला. हे काय होतं? ना रंग, ना वास, ना आवाज. गाठी जिथल्या तिथं होत्या, आणि त्यांच्यावरच अंग टाकून तो घोरत होता. माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते मला अजून सांगता येणार नाही.

आण्णाची सून चहा घेऊन आली. "मामंजी, उठता न्हवं?"

मी तिच्यावर ओरडलो, तेही दबक्या आवाजात, "निजू दे की त्याला!"